सतरा मजले आणि अर्धवट घरकुले

महोदय,

जळगावात सुरेशदादा जैन या नावापुढे पक्षाला अर्थच नव्हता. 1980 पासून 2009 पर्यंत नऊ वेळा आमदार, मध्ये मंत्रिपद. दादांनी काँग्रेस, शिवसेना, राष्ट्रवादी असे झेंडे बदलले, मतदार मात्र तेच राहिले. पालिकेची सतरा मजली इमारत पाहुण्यांना आवर्जून दाखवली जायची, आम्हीही दाखवली.

त्याच पालिकेच्या घरकुल योजनेने दादांना खाली आणले. हजारो घरे बांधायची होती. पूर्ण झाली थोडीच. बाकीच्या ठिकाणी उघड्या विटा, गंजलेल्या सळया. 2006 मध्ये तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी या योजनेतील गैरव्यवहाराची फिर्याद दिली, पण दादांच्या अटकेला 2012 उजाडले. 2014 ची निवडणूक दादांनी तुरुंगातून लढवली आणि हरले. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा आणि 100 कोटींचा दंड सुनावला. त्याविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेले, जामीनही मिळाला.

चर्चा अजून दादांचीच होते. नऊ वेळा बोटाला शाई लावून घेणाऱ्या आम्हा मतदारांना मात्र कोणी काही विचारत नाही.

– एक वाचक, जळगाव