बिबट्याला झोपू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातलं वाचकांच्या सुट्टीतल्या फोटोंचं पान पाहिलं. काचेवर दोन्ही हात आपटणारा लहान मुलगा, आत दात विचकणारा बिबट्या, खाली ओळ ‘चिमुकल्याने चित्त्याला उठवले!’ आणि वर बक्षीस. फोटो पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. तो निवडणाऱ्यांवर आहे.

गेल्या महिन्यात आम्ही घरची पाच माणसं अशाच एका प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. नात बारा वर्षांची, तिला फोटोंचं वेड. मुलाने आपला जुना कॅमेरा तिला दिला आणि आधी आठवडाभर शिकवलं. काचेतून काढायचा तर फ्लॅश बंद, लेन्स काचेला टेकवून धरायची. जाळी असेल तर जाळीच्या जवळ जायचं आणि जनावर मागच्या बाजूला सरकेपर्यंत थांबायचं, म्हणजे तारा फोटोत दिसेनाशा होतात. पोरीने सगळं मन लावून केलं. नीलगाय, अस्वल, वाळूत पडलेली मगर, सगळ्यांचे फोटो झाले. बिबट्याच्या काचेपाशी मात्र ती पाऊण तास बसून होती. तो ओंडक्यावर झोपलेला, एक पाय खाली लोंबत. “आबा, उठायच्या आधी त्याचे कान हलतील बघा,” ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात दहा-बारा जणांचा घोळका आला. शिट्ट्या, आरोळ्या, मोबाइलचे फ्लॅश. एकाने किल्ल्यांनी काच वाजवली, एका गृहस्थाने कडेवरच्या लेकराला काच बडवायला लावली. बिबट्या दचकून उठला, कान पाडून फिस्कारला आणि मग भिंतीच्या कडेने येरझाऱ्या घालायला लागला. तीच वाट, तेच वळण, थांबेचना. त्यांनी व्हिडिओ काढला आणि ते पुढे गेले. आमची पोर रडायला लागली. रखवालदाराला सांगितलं तर तो म्हणाला, “काका, एवढ्या पिंजऱ्यांना मी एकटा. कुणाकुणाला आवरू?” त्याचंही खरं होतं.

प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं, गोंगाट करून त्रास देणं याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३८ जे नुसार बंदी आहे. म्हणजे जो गुन्हा आहे, त्याला आपल्या पानावर बक्षीस मिळालं. आता पुढच्या सुट्टीत किती आईबाप पोरांना काचेपाशी उभं करून “मार जोरात” म्हणतील, याचा विचार करा. बिबट्या हे रात्री हिंडणारं जनावर. दिवसा तो झोपणारच.

आमच्याकडे ऊसतोडीत बिबट्याची बछडी सापडतात. वनखात्याची माणसं ती संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाईपर्यंत सगळ्यांना लांब थांबवतात. आई येईल की नाही या काळजीत लोक लांब उभे राहतात, मोठ्याने कुणी बोलत नाही. जिला बिबट्याची धास्ती आहे, त्या वस्तीला हे जमतं. तिकीट काढून आलेल्या माणसांना का जमू नये?

आणि तो चित्ता नव्हता. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांसारखे पोकळ ठिपके असतात. चित्त्याचे ठिपके भरीव, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं होतं. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले, तेव्हा आपणच पहिल्या पानावर त्यांचे फोटो छापले होते. तरीही ही चूक मी आपल्या अंकात या वर्षात तिसऱ्यांदा पाहतो आहे. पोरं वर्तमानपत्रात वाचलेलं खरं मानतात.

काच बडवून, दगड मारून किंवा वेफर्स दाखवून काढलेले फोटो यापुढे घेणार नाही, अशी एक ओळ त्या पानावर ठळक छापावी, एवढी विनंती.

सोबत नातीने त्या दिवशी घोळका यायच्या आधी काढलेला एक फोटो जोडला आहे. त्यात तो गाढ झोपलेला आहे. छापलात तर खाली फक्त ‘बिबट्या’ असं लिहावं.

आपला,
एक वाचक, सातारा