किट कारची पेट्रोल लाइन आणि मोकळी दुपार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला, घरच्या घरी किट कार, म्हणजे सुटे भाग विकत आणून जोडायची गाडी, बांधण्यावरचा लेख आवडीने वाचला. चेसिस, सस्पेन्शन, इंजिन उतरवणे-चढवणे, रंगकाम यांवर लेखकाने भरभरून लिहिले आहे. पेट्रोलच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले : एका मोकळ्या दुपारी पेट्रोल लाइन जोडून टाकली. हे ‘जोडून टाकली’ वाचले आणि राहवले नाही. गाड्यांची इंधनयंत्रणा दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झालो तरी हौशी मंडळी अर्धवट बांधलेल्या गाड्या दाखवायला बोलावतात आणि घोळ बहुतेक वेळा असल्याच एखाद्या मोकळ्या दुपारी झालेला असतो.

अडचणीचे मूळ थोडे मागे आहे. किट कारचे अनेक आराखडे १९५७ च्या लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या वळणाचे आहेत. ब्रिटनमध्ये तेव्हा सुट्या भागांच्या रूपात गाडी घेतली की खरेदी कर वाचायचा, म्हणून ही घरबांधणीची हौस तिथे फोफावली. तो कार्ब्युरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या साध्या भांड्याचा जमाना. कार्ब्युरेटरला तीन-चार पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब पुरतो. आज जुन्या गाडीतून काढून किटमध्ये बसवतात ते इंजिन इंजेक्शनचे, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणारे असते आणि त्याच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, साधारण ३ बार, म्हणजे ४३ पीएसआयच्या आसपास दाब लागतो. दहापटीहून जास्त! इंजिन नव्या जमान्याचे आणि नळजोडणी आजोबांच्या काळची, असा संसार मी पुष्कळ पाहिला आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत सांधा सैल राहिला तर थेंब पडतो, वास येतो, माणूस सावध होतो. इंजेक्शनच्या गाडीत त्याच सांध्यातून बारीक फवारा उडतो आणि इंजिनाचा धूर बाहेर नेणारा तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही फार लांब नसतो.

म्हणून होस, म्हणजे रबरी नळी, घेताना तिचा रंग आणि चकाकी पाहू नका, अंगावर छापलेली अक्षरे वाचा. एसएई जे३० या इंधन-होसच्या मानकातले आर६ किंवा आर७ लिहिले असेल तर ती कमी दाबाची. इंजेक्शनला आर९ लागते. तिच्या आतल्या अस्तराचे रबर वेगळे असते, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोललाही ते दाद देत नाही. साधी होस बाहेरून नवीकोरी दिसते; ब्लेडने उभी चिरून पाहिली की आतल्या भेगा दिसतात, आणि त्याच अस्तराचे काळे कण पुढे फिल्टरमध्ये सापडतात. आणखी एक गोष्ट दुकानदारही क्वचितच सांगतो. आर९ टाकीच्या आत बुडवून ठेवायची नसते, कारण तिचे बाहेरचे आवरण सतत पेट्रोलमध्ये राहण्यासाठी बनवलेले नसते. टाकीतल्या पंपावरच्या तुकड्यासाठी आर१० ही वेगळी होस मिळते.

क्लिपचेही तेच. पाण्याच्या नळीवर वापरतात ती खाचा पाडलेली स्क्रूची पट्टी आवळली की रबर त्या खाचांत शिरते आणि हळूहळू कापले जाते. पेट्रोलसाठी आतून सपाट, कडा बाहेर वळवलेली क्लिप घ्यावी. ज्या पाइपवर होस चढवायची त्याच्या टोकाला फुगीर कडे हवे. हॅकसॉने सरळ कापलेल्या गुळगुळीत पाइपवरून होस दाबाखाली सरकत जाते, क्लिप कितीही पिळा. फिटिंगमध्येही एक सापळा आहे. ब्रेक पाइपचे फ्लेअर, म्हणजे टोकाची पसरट कड, ४५ अंशांचे आणि एएन या मापाच्या, रेसिंग गाड्यांत वापरतात त्या फिटिंगचे ३७ अंशांचे. हाताने फिरवताना दोन्ही एकमेकांत बसल्यासारखी वाटतात, पण बसत नाहीत, गळतात. मग कुणीतरी टेफ्लॉन टेप गुंडाळतो. फ्लेअरच्या सांध्यात सील होते ते धातूवर धातू बसून, आट्यांवर नव्हे. तिथे टेपचे कामच नाही. उलट तिचा तंतू सुटला तर थेट इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊन बसतो.

स्टीलची जाळी चढवलेली चकचकीत होस हल्ली सगळ्यांना हवी असते. दिसते झकास, कबूल. पण आतले रबर गेले तरी बाहेरून कळत नाही आणि जाळी ज्याला घासते त्याला कानशीसारखी कापत जाते, मग ती वायर असो की शेजारची नळी. बॉनेट उघडून मित्रांना दाखवण्यापुरती ती घेण्यापेक्षा मोठ्या लांबीला धातूचा पाइप आणि दोन्ही टोकांना होसचे आखूड तुकडे, हेच बरे. धातूत निव्वळ तांबे नको. कंपनांनी ते कडक होऊन तडकते. तांबे-निकेलचा पाइप हाताने वळतो आणि गंजत नाही. दर ३०० मिलिमीटरला रबर लावलेली क्लिप, पत्र्यातून जाताना ग्रोमेट (भोकातले रबरी कडे), एक्झॉस्टपासून अंतर. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या बोगद्यातून पाइप नेणे सोपे पडते म्हणून बरेच जण तसे करतात. शाफ्टचा सांधा तुटला तर तो त्या बोगद्यात काय धुमाकूळ घालेल याचा विचार करा आणि मग ठरवा.

पंपाला ढकलणे जमते, ओढणे जमत नाही. त्यामुळे बाहेरचा पंप टाकीजवळ आणि टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसवायचा. जागा मोकळी दिसली म्हणून इंजिनाशेजारी नव्हे. पंपाच्या आधी भरड जाळी, नंतर बारीक फिल्टर. उलट केले की बारीक फिल्टर पंपाचा श्वास कोंडतो. लेखासोबतच्या छायाचित्रात रेलच्या अलीकडे पारदर्शक प्लास्टिकचा छोटा फिल्टर दिसतो. तो कार्ब्युरेटरचा आहे. इंजिन इंजेक्शनचे असेल, आणि छायाचित्रातल्या रेलवरून ते तसेच वाटते, तर तो आजच काढून धातूच्या डब्याचा बसवावा, असे लेखकाला कृपया कळवावे.

टाकीच्या ब्रीदरकडे, म्हणजे हवा ये-जा करायच्या नळीकडे, मात्र भलेभले दुर्लक्ष करतात. इथे खर्च जवळजवळ नाही, पण डोकेदुखी सगळ्यात मोठी. असाच एक गृहस्थ मला घेऊन गेला होता. गाडी छान सुरू व्हायची, काही अंतर जायची, मग पंपाचा आवाज चढत जायचा आणि इंजिन मरायचे. थोडे थांबले की पुन्हा सुरू. त्याने पंप बदलला होता, रिले बदलला होता, आता इंजिनाच्या संगणकावर संशय होता. मी टाकीचे झाकण फिरवले, तर ‘फुस्स’ करून हवा आत शिरली. हवाबंद झाकण बसवले होते आणि ब्रीदरचे तोंड ‘वास येतो’ म्हणून बोल्ट घालून बंद केले होते! पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत पोकळी होते आणि पंप तिच्याशी झगडत राहतो. ब्रीदरची नळी टाकीच्या वर उंच न्यावी, मग वळवून गाडीच्या बाहेर सोडावी, मध्ये गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह टाकावा. वास केबिनमध्ये येत असेल तर नळीचा मार्ग बदलायचा, नळी बुजवायची नाही. जास्तीचे पेट्रोल टाकीत परत आणणाऱ्या रिटर्न लाइनचेही तोंड मोकळे हवे. ती अरुंद झाली की रेलमधला दाब तो ठराविक ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या हाती राहत नाही.

पेट्रोल भरायचे तोंड रबरी नळीने टाकीला जोडले की धातूचे तोंड चेसिसपासून तुटते, म्हणून तिथून चेसिसला अर्थिंगची वायर द्यावी; फायबरच्या बॉडीत तर नक्कीच. आणि पंपाला थेट चावीवरून वीज देऊ नये. इंजिन थांबले की पंप थांबला पाहिजे, धडक बसली की हिसक्याने आपोआप बंद होणाऱ्या इनर्शिया स्विचने त्याची वीज तोडली पाहिजे. उलटलेल्या गाडीत फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहणारा पंप कुणाच्याच कामाचा नाही.

पुढच्या भागात गाडी पहिल्यांदा सुरू करण्याचे वर्णन येणार असल्याचे आपण म्हटले आहे. त्याआधी चाचणी कशी घ्यावी याची एक चौकट छापता आली तर पाहा. इंजिन न फिरवता नुसता पंप चालवून प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागदी रुमाल फिरवावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, त्यामुळे हे काम खड्ड्यात उतरून करू नये. बॅटरी चार्जर लांब ठेवावा आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. बहुतेक जण चाचणीपुरते टाकीत थोडेसे पेट्रोल ओततात आणि सगळे कोरडे दिसले की निर्धास्त होतात. पण गेजच्या फ्लोटखालचे गॅस्केट आणि भरायच्या तोंडाची नळी यांना पेट्रोल लागते ते टाकी काठोकाठ भरल्यावर. म्हणून दुसऱ्यांदा टाकी पूर्ण भरून, गाडी उतारावर दोन्ही दिशांना तोंड करून उभी करून तपासावी, आणि मगच रस्त्यावर काढावी.

आपला,
एक निवृत्त फिटर