बाबांचा रिपोर्ट आणि ‘किती दिवस?’ हा प्रश्न

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या गुरुवारी तुम्हा दोघांचे फोन एकाच दिवशी आले. सकाळी आई म्हणाली की बाबांच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल त्यांना कोणताही आकडा सांगू नकोस, ते खचतील. संध्याकाळी आई अंबाबाईच्या दर्शनाला गेलेली पाहून बाबांनी विचारले, “कॅन्सरच्या रुग्णांच्या नोंदी ठेवायचे काम रोज तू करतेस ना, मग माझे किती दिवस राहिले ते हिशेब करून सांग, आईला मात्र बोलू नकोस.” दोघांपासून दोन गोष्टी लपवणे मला जमणारे नाही, म्हणून हे एकच पत्र दोघांच्या नावाने लिहीत आहे. आईने ते बाबांसमोर मोठ्याने वाचावे आणि मधला मजकूर गाळू नये.

आधी त्या ‘सहा महिन्यां’विषयी लिहिते, कारण वॉर्डात कोणीतरी सहज बोलून गेलेला तो शब्द तुमच्या घरात ठाण मांडून बसला आहे. तो आकडा साफ खोटा नाही, पण तो बाबांचा नाही. ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढता येत नाही, किंवा उपचारानंतर पुन्हा उद्भवते आणि बरे करण्याचा मार्ग उरत नाही, अशा रुग्णांच्या गटाचा तो मध्यांक आहे, म्हणजे त्या गटातील निम्मे रुग्ण तेवढ्या काळात जातात आणि निम्मे त्यापुढे जगतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. त्यात नेहमीच्या तोंडी औषधांवर असलेल्या गटाचा मध्यांक ६.७ महिने होता. त्याच औषधांबरोबर निवोलुमॅब हे महागडे इंजेक्शन पूर्ण मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा तो १०.१ महिन्यांवर गेला आणि वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर पोहोचले. तेव्हा त्या गटासाठीसुद्धा ‘सहा महिने’ ही काळ्या दगडावरची रेघ राहिलेली नाही. बाबांची गाठ पूर्ण निघाली आहे. त्यांना त्या रांगेत उभे करणेच चूक आहे.

आता रिपोर्ट. त्यावरच्या ‘चौथी स्टेज’ या शब्दांनी आईची झोप उडवली, कारण चौथी म्हणजे शरीरभर पसरलेली असे आपण धरून चालतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये चौथ्या टप्प्याचे तीन भाग असतात आणि फुप्फुसांत किंवा दूरच्या हाडांत पसरलेला आजार त्यांपैकी फक्त शेवटच्या भागात मोडतो. बाबांचा भाग पहिला आहे. गाठ उजव्या गालाच्या आत, ३.६ सेंटिमीटर रुंद आणि १४ मिलिमीटर खोल होती. पूर्वी केवळ रुंदी पाहत असत. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीच्या वर्गीकरणात खोलीही मोजली जाते आणि १० मिलिमीटरच्या पुढे गेलेली गाठ रुंदीला लहान असली तरी वरच्या श्रेणीत धरतात. गाठ जितकी खोल, तितकी ती लसिकावाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या जवळ जाते. बाबांच्या रिपोर्टात ती एका मज्जातंतूच्या कडेने सरकलेली दिसते, आणि हा मुद्दा त्यांच्या विरुद्ध जातो. हाडापर्यंत मात्र आजार पोहोचलेला नाही, आणि कापलेल्या कडेपर्यंत ६ मिलिमीटर निरोगी पेशी मिळाल्या आहेत. ५ मिलिमीटर मिळाल्या तरी सर्जन समाधान मानतात.

मी स्वतः सर्वांत जास्त वेळ घालवला तो मानेतील गाठींच्या, म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथींच्या, ओळीवर. तपासलेल्या ४२ गाठींपैकी २ गाठींत आजार सापडला आहे. मानेत आजार पोहोचला की दीर्घकाळ जगण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्यावर येते, हे जुने अनुभवसिद्ध गणित आहे आणि ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच ओळीच्या शेवटी लिहिले आहे की दोन्ही गाठींचे आवरण शाबूत आहे, आजार ते फोडून बाहेर आलेला नाही. ते फुटले असते तर बाबांचे चित्र बरेच वेगळे झाले असते. ‘केमो दिली नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले’ हा काकांचा तर्कही इथेच गळून पडतो. २००४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि त्यांचे एकत्रित विश्लेषण केल्यावर असे दिसले की शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनला केमोची जोड दिल्याचा फायदा मुख्यतः गाठीचे आवरण फुटलेल्या किंवा कापलेल्या कडेवर आजार उरलेल्या रुग्णांना होतो. बाबांना यांपैकी काहीच लागू नाही. त्यांना फक्त रेडिएशन मिळणार ही आनंदाची बाब आहे.

बाबा, आता तुमचा प्रश्न. अशा टप्प्यावर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही झालेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या रुग्णालयांच्या नोंदींत साधारण ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आढळते. एवढाच हिशेब मला प्रामाणिकपणे करता येतो. शिरोलीच्या फाउंड्रीत तुमची इतकी वर्षे गेली, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: एखाद्या हीटमधून, म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेल्या धातूतून, किती टक्के रिजेक्शन येईल हे तुम्ही वाळूचा ओलावा पाहून सांगत असा आणि ते बहुतेक बरोबर येत असे, पण समोरच्या अमुक एका कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे आत अडकलेल्या वायूचे छिद्र, निघेल की नाही, हे मशिनिंगला जाईपर्यंत तुम्हालाही सांगता येत नव्हते. मलाही हीटचे सांगता येते, कास्टिंगचे नाही.

शिवाय हे टक्के ज्या नोंदींतून निघतात, त्या कशा तयार होतात हे मी रोज पाहते. माझ्या तक्त्यात एका रुग्णाला एक ओळ असते आणि वर्षातून दोनदा आम्ही प्रत्येकाला फोन करतो. नंबर बदललेला असतो किंवा घंटा वाजून बंद होते; तेव्हा शेवटच्या भेटीपर्यंत तो माणूस हयात होता एवढेच धरून ती ओळ तिथे थांबवावी लागते. कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अशा अर्धवट ओळींनाही जागा आहे; आमचा आलेख जिन्यासारखा उतरतो, पण पायरी फक्त मृत्यूच्या नोंदीपाशी पडते, थांबवलेल्या ओळीपाशी नाही. गेल्या महिन्यात अशाच एका थांबलेल्या ओळीच्या घरी अखेर फोन लागला. मी चाचरत चौकशी केली, तर सूनबाई म्हणाल्या, “मामंजी उसाला पाणी पाजायला गेल्यात, रात्री करा फोन.” चार वर्षांपूर्वी थांबवलेली ओळ मी त्या दिवशी पुढे ओढली. (ऑफिसात मी मोठ्याने हसले, हे आईला मुद्दाम सांगते.)

दुसरी गोष्ट अशी की हा अंदाज एकदा सांगून संपत नाही. पावसाळ्यात आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला विचारतो. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे पेठेतले पोरही जाणते. तरी राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले आणि रात्री घाटात पाऊस किती झाला, यावर दुपारचा अंदाज संध्याकाळी बदलतो. या आजाराचेही तसेच आहे. तो परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो. म्हणून आजचे टक्के आजच्यापुरते आहेत. दोन वर्षे निर्वेध गेली की बाबांच्या पुढच्या काळाचा अंदाज नव्याने मांडावा लागेल आणि तो आजच्यापेक्षा बराच चांगला असेल. पहिल्या वर्षी दर एक-दोन महिन्यांनी तपासणीला बोलावतात ते याच कारणासाठी, आणि ‘आता काही दुखत नाही’ म्हणून ती चुकवायची नाही.

सोमवारपासून रेडिएशन सुरू होत आहे. शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हावे लागते आणि आपण वेळेत आहोत. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, ३० वेळा. यात खंड पडता कामा नये, कारण उपचार लांबला तर प्रत्येक जादा दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते. सगळ्या आकडेमोडीत तुमच्या हातातला आकडा असेल तर तो हा. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटेल, चव जाईल आणि बाबा म्हणतील की दोन दिवस राहू दे. त्या वेळी आईने ऐकू नये. नाचणीची आंबील, दूध, गाळलेली डाळ, मटणाचे तिखट न घातलेले अळणी पाणी असे काहीही चालेल, पण वजन उतरता कामा नये, आणि घास जात नसेल तर नाकातल्या नळीला नकार देऊ नये. दर रविवारी सकाळी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे. तोंड उघडण्याचा व्यायाम लाकडी काड्यांनी सुरू आहे ना? मागच्या वेळी दातांमध्ये नऊ काड्या जात होत्या. आणि बाबा, कपाटातल्या जुन्या कोटाच्या खिशात चुन्याची डबी अजून आहे, हे मला ठाऊक आहे; ती आईच्या हाती द्यावी.

मी रविवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघते आणि सोमवारी पहिल्या वेळेला तुमच्याबरोबर असेन. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून टेबलाला पक्का करतात, तेव्हा थोडे घाबरायला होते, पण किरणे देण्याचे काम काही मिनिटांत उरकते. येताना काड्यांचे नवे पाकीट आणते. दहावी काडी घालून पाहू.

तुमची,
थोरली