बलकांवातल्या बाईंना, इंग्लिशमधल्या 'अ' आणि 'द' साठी थँक्यू

बाई, नमस्कार.

समोर येऊन सांगायला गेले तर तुम्ही "पुरे गो बाये" म्हणून विषयच बदलणार, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी गोव्यात फोंड्याजवळ एका कुळागरात, म्हणजे मसाल्यांच्या बागेत, टुरिस्टांना फिरवते हे तुम्हाला माहीतच आहे, मिरवेल, वेलची, जायफळ, व्हॅनिला सगळं दाखवत. इंग्लिश बोलायची भीती मला कधीच नव्हती पण 'अ' आणि 'द' कुठे लावायचं ते नेहमी अंदाजाने. शाळेत गाळलेल्या जागा भरल्या, उत्तरं पाठ केली, असं का ते कुणी सांगितलंच नाही. मग मी पाहुण्यांना म्हणायचे 'टेक द लीफ अँड स्मेल इट' आणि ते बिचारे इकडेतिकडे बघत नेमकं कुठलं पान ते शोधत राहायचे, आणि मला वाटायचं माझा उच्चार चुकतोय. कितीतरी दिवस मी उच्चारच सुधारत बसले होते!

तुम्ही पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसून विचारलंत, 'आम्ही मुलगी बघायला गेलो' आणि 'आम्ही मुलीला बघायला गेलो' हे एकच का गो? नाही ना. पहिल्यात स्थळ बघणं चाललंय, कुठली मुलगी ते ऐकणाऱ्याला माहीत नाही. दुसऱ्यात मुलगी ठरलेली आहे, आजारी असेल, बाळंत झाली असेल, पण कोण ते दोघांनाही ठाऊक. आपल्याकडे 'ला' लागला की समजतं, तिथे 'द' लागतो, कळ्ळें? तेव्हा मला खरंच गहिवरून आलं, कारण आपल्या मराठीत हे असं काही नाहीच असं समजून मी इतकी वर्षं काढली होती.

मग तुम्ही माझं जायफळच घेतलंत. झाडाखाली पहिल्यांदा दाखवताना 'धिस इज अ नटमेग', कारण पाहुण्याला ते नवीन. दुसऱ्या वाक्यापासून 'द नटमेग'. पण आतल्या बीचं नाव मी अजून काढलेलंही नसताना ती 'द सीड' कशी, हे मला पटेना. तुम्ही म्हणालात, फळात बी एकच असते ना, मग कुठली हा प्रश्नच येत नाही. आणि बीवरची लाल जायपत्री, ती मसाला म्हणून सांगायची तर नुसतं 'मेस', पुढे काही नाही, कारण एक मेस दोन मेस असं आपण मोजत नाही. हे एका फळातलं सगळं मी आता रोज सांगते आणि कुणी 'विच वन' विचारत नाही. मिरीला 'द किंग ऑफ स्पाइसेस' म्हणताना 'द', कारण राजा एकच. काजूला 'द कॅश्यू केम फ्रॉम ब्राझील', तिथे एक काजू नाही तर काजूची सगळी जात.

'अॅन अवर' पण तुमचंच. स्पेलिंग बघू नको, कान लाव म्हणालात, 'अवर' मधला एच ऐकू येत नाही म्हणून अॅन, आणि 'युनिव्हर्सिटी' यू ने लिहितात पण ऐकू येतो 'य', म्हणून अ. नद्यांना 'द मांडवी', 'द झुआरी', पण गोवा नुसता गोवा, फोंडा नुसता फोंडा, हे तर मी कदंबाच्या सरकारी बसमध्ये पुटपुटत पाठ केलं.

तुम्ही १९६१ च्या आधी, गोवा मुक्त व्हायच्या आधी, पोर्तुगीज शाळेत शिकलात, तिथे तर 'द' लाही स्त्रीलिंग पुल्लिंग असतं, 'ऊ' आणि 'आ', आणि एकवचन अनेकवचन वेगळं, हे सांगून म्हणालात इंग्लिशने सगळ्यांना एकच 'द' दिलाय, बरं समज. त्या दिवसापासून मला इंग्लिश जरा मायेचं वाटायला लागलं.

तीन पावसाळे तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, उलट चहा आणि शेव पुढे केलीत, आणि मी चुकले तरी कधी हसला नाहीत. खूप खूप थँक्यू बाई.

चतुर्थीला येते. जायफळाच्या सालीचं लोणचं घातलंय, ती बरणी तुमची. आणि एक विचारायचंय, मुलगा 'टू स्कूल' जातो पण मी त्याच्या मिटिंगला गेले की 'टू द स्कूल' का, ते मला थोडं कळलंय असं वाटतं, पण तुमच्याकडून ऐकायचंय.

तुमची,
कुळागरातली बाय