तंबोऱ्याची जवारी ऐकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सा. न.

फोनवर आभार मानले तेव्हा तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणालात आणि लगेच बाबांच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केलीत. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं. गाडीतली साउंड सिस्टीम निवडताना तुम्ही त्या शनिवारी मला जे शिकवलंत ते इथे न्यू जर्सीत गाडी घेणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांच्या कामाचं आहे.

गाडी ठरली होती, व्होल्व्हो एक्ससी९०. आई-बाबा वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात, मुलं दोन, त्यामुळे सात सीटांची हवीच होती. अडलं होतं ते आवाजावर. ठरवलेल्या मॉडेलमध्ये हार्मन कार्डनची सिस्टीम होतीच: १४ स्पीकर, ६०० वॅट. वर सुमारे ३,२०० डॉलर मोजले की बॉवर्स अँड विल्किन्स: १९ स्पीकर, १४०० वॅट. शोरूममधल्या मुलाने उभ्या गाडीत कुठलंतरी इलेक्ट्रॉनिक संगीत लावलं आणि आवाज इतका मोठा केला की छातीत धडधडलं. मी भारावून बाहेर आलो आणि मग तीन रात्री झोप नाही. ३,२०० डॉलरमध्ये आई-बाबांची येण्या-जाण्याची तिकिटं होतात. बाबांनी टू-इन-वन हप्त्यांनी घेतला होता आणि त्यातल्या कॅसेटींवर मी लहानाचा मोठा झालो. गाण्यावर खर्च करायला माझी ना नव्हती. पण खर्च गाण्यावर होतोय की गाडीच्या दारावरच्या नावावर, हे कळत नव्हतं.

तुम्हाला विचारलं ते खरं तर सहज. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तुम्ही मागे साउंड कन्सोलवर बसलेले असता, आणि त्याआधीची वीस वर्षं मुंबईच्या स्टुडिओंमध्ये काढलीत, एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही किंमत विचारली नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, "गाडीत तू एकटा, गाडी उभी करून, किती वेळ बसतोस?" तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ मला लागला नाही.

शनिवारी सकाळी बाहेर गोठवणारी थंडी असताना तुम्ही पेन ड्राइव्ह आणि मफलर घेऊन हजर झालात. डीलरकडे दोन्ही सिस्टीमच्या गाड्या होत्या. त्या शेजारी शेजारी लावून घेतल्यात आणि आधी मला वॅटचं गणित समजावलंत. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ६०० आणि १४०० यांत जेमतेम पावणेचार डेसिबलचं अंतर. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात. तेव्हा १४०० या आकड्याला घाबरायचंही नाही आणि भुलायचंही नाही.

मग फोनवरच्या डेसिबल मीटरने दोन्ही गाड्यांचा आवाज सारखा करून घेतलात. मला वाटतं, त्या दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. जरासं मोठं वाजणारं आपल्या कानाला नेहमी चांगलंच वाटतं. आवाज लहान असला की खालचे आणि वरचे स्वर कानाला कमी पोचतात. हे बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय. शोरूममध्ये माझ्या छातीत धडधडलं ते याच जोरावर.

त्यानंतर मफलर माझ्या डोळ्यांवर. हाताला धरून तुम्ही मला या गाडीतून त्या गाडीत नेऊन बसवत होता, कधी पुन्हा त्याच गाडीत, आणि मी फक्त सांगायचं की ही पहिली की दुसरी. पेन ड्राइव्हवर नुसता तंबोरा होता. डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे तळवा घासून काढलेला घुमारा होता. वारकऱ्यांचे टाळ होते. एक जुनी, ग्रामोफोनच्या तव्यावरून उतरवलेली नाट्यसंगीताची ध्वनिमुद्रिका होती. आणि जात्यावरची एक ओवी.

तंबोऱ्याला मी सहापैकी सहा वेळा बरोबर सांगितलं. महागड्या सिस्टीमवर जवारी, म्हणजे तारेची ती झुणझुणती आस, उलगडत होती. खर्जाच्या तारेतून वर निघणारा गंधार समोर डॅशबोर्डच्या मधोमध तरंगत होता, आणि दुसऱ्या गाडीत तोच गंधार तारेला चिकटून होता. टाळांचंही तसंच: एकीकडे टाळ आपटल्यानंतरची आस शेवटपर्यंत ऐकू येत होती, दुसरीकडे नुसती किणकिण. डॅशबोर्डवर वर बसवलेला तो छोटा ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा स्पीकर, दाखवून तुम्ही सांगितलंत की खोक्याच्या कडांवरून आवाज परतून गढूळ होऊ नये म्हणून बॉवर्स अँड विल्किन्सने १९७९ च्या ८०१ या स्पीकरमध्ये ट्वीटर खोक्याच्या बाहेर, वर ठेवला, आणि तेच ८०१ लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत जाऊन बसले. ससेक्समधल्या वर्दिंग गावात १९६६ साली सुरू झालेली कंपनी. "नाव पोकळ नाही," तुम्ही म्हणालात, "पण अजून घाई करू नकोस."

कारण पुढच्या दोन परीक्षांनी पारडं पार फिरवलं. तव्यावरच्या नाट्यसंगीतात मला काडीचा फरक कळला नाही. उलट, हार्मन कार्डनवर ती खरखर जरा सोसवत होती. मग तुम्ही माझाच फोन घेतलात, ब्लूटूथ जोडलंत आणि मी रोज कामावर जाताना ऐकतो ती गाणी लावलीत. सहापैकी तीन. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. माझ्या यादीतली निम्मी गाणी फोनवर कमीत कमी दर्जाने उतरवलेली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. स्पीकर आत असलेलंच दाखवतात, नसलेलं कुठून आणणार?

मग २८७ क्रमांकाच्या हायवेवर ताशी ६५ मैलांनी. त्या काँक्रीटच्या रस्त्यावर टायरची घरघर नेमकी खालच्या स्वरांवर येऊन बसते. डग्ग्याचा घिस्सा दोन्ही गाड्यांत सारखाच बुडाला. तंबोऱ्यातला फरक होता, पण निम्म्याने उरला होता. मागच्या सीटवर आई-बाबांच्या जागी बसून ऐकलं, शेवटच्या रांगेत गुडघे दुमडून ऐकलं. तुमचं वय लक्षात घेता तुम्ही तिथे शिरलात याचं मला अजून अप्रूप वाटतं. तिथे मात्र बोलणं, शब्द, विशेषतः बाईचा आवाज महागड्या सिस्टीमवर स्वच्छ होता. बाबांना हल्ली वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे तुम्ही न सांगता ध्यानात ठेवलं होतंत.

ओवीचं मी मुद्दाम शेवटी लिहितोय. उभ्या गाडीत ती लावलीत तेव्हा जात्याची घरघर, त्यावर तो थकलेला, सरळ आवाज, आणि प्रत्येक फेरीला बांगड्यांची किणकिण. दुसऱ्या गाडीत बांगड्या जात्यात मिसळून गेल्या होत्या. मी तसं म्हणालो आणि तुम्ही बराच वेळ काचेबाहेर बघत राहिलात. मग सांगितलंत की ती तुमची आई, साताऱ्याकडच्या घरी उसन्या स्पूल रेकॉर्डरवर टिपलेली. काका, ते तुम्ही माझ्यासाठी, एका डीलरच्या आवारात, गाडी निवडायला म्हणून वाजवलंत. याचे आभार कसे मानायचे ते मला अजूनही सुचलेलं नाही.

परतताना तुमचा तो पहिला प्रश्न मला समजला. मुलीचा व्हायोलिनचा क्लास बुधवारी आणि शनिवारी असतो. तिला सोडून मी तासभर पार्किंगमध्ये, इंजिन बंद करून बसतो. सहा माणसांच्या घरात एवढा एकच तास माझा एकट्याचा, आणि तोही नेमका उभ्या गाडीतला. तो तास नसता तर तुम्ही मला पैसे वाचवायला सांगितलं असतंत, आणि मी वाचवले असते. हायवेवरून रोज जायचं, फोनवरून ऐकायचं, एवढंच असेल त्याला हार्मन कार्डन पुरेशी आहे, हे मी आता कुणालाही छातीठोक सांगतो. पण ज्याला नंतर वाटेल की तेव्हा घ्यायला हवं होतं, त्याला बाहेरून ती महागडी सिस्टीम बसवून घेणं सोपं नाही: स्पीकरच्या जागा, वायरिंग, अ‍ॅम्प्लिफायर, सगळंच वेगळं. आणि गाडी विकताना ते ३,२०० डॉलर परत येतील अशी आशाही धरू नये.

पैसे कुठून आणायचे तेही तुम्हीच सुचवलंत. मी २२ इंची चाकं निवडली होती, दिसायला झोकदार म्हणून. "चाक जेवढं मोठं तेवढं टायरचं रबर पातळ, आणि रस्ता तेवढा जास्त कानात येतो. एका हाताने आवाज विकत घेतोस आणि दुसऱ्या हाताने गोंगाट." मी २० इंची घेतली. त्यात खर्चाचा एक भाग तिथेच सुटला, आणि दर खड्ड्याला आईचं कंबर धरणंही कमी झालं.

फेब्रुवारीत गाडी आली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे गाणी पुन्हा चांगल्या दर्जाने उतरवून घेतली, फोन केबलने जोडतो. गॉथेनबर्गच्या १९३५ च्या कॉन्सर्ट हॉलसारखा आवाज करणारी एक सोय त्यात आहे. ख्यालाला ती लावली की गवई मागच्या रांगेत जाऊन बसल्यासारखा वाटतो, म्हणून मी 'स्टुडिओ' या दुसऱ्या सोयीवरच ठेवतो. मुलगी मात्र तिचं व्हायोलिन ऐकताना हटकून हॉल लावते, आणि तिथे तो शोभतोही. परवा बाबा मागे बसून म्हणाले, "हिचे शब्द कळतायत रे." कुठल्या गायिकेबद्दल, ते विचारायला मी आरशात पाहिलं, तर त्यांनी डोळे मिटले होते.

तुमचा पेन ड्राइव्ह अजून माझ्याकडेच आहे. त्याची प्रत करून ठेवली आहे, ओवीची दोन ठिकाणी. येत्या बुधवारी क्लास साडेपाचला आहे. सव्वापाचला तुम्हाला घ्यायला येतो. थर्मासमध्ये आल्याचा चहा असेल. पुढच्या सीटवर तुम्ही बसा, मी मागे बसतो.

तुमचा,
एक्ससी९०वाला