दस्त तिजोरीत, पत्रे रद्दीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या नाशकातले वाडे पडताहेत, त्यांचे फोटो आपण छापता. माळ्यावरच्या पेट्यांचे काय होते, ते मी पाहतो. खरेदीखते आणि कुळाने जमीन विकत घेतल्याचे '३२ म'चे दाखले वकिलाकडे जातात, पत्रांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर. जन्मभर दस्त लिहिले म्हणून सांगतो, दस्तात व्यवहार असतो. तो कसा जमवला ते पत्रात.

तिवंध्याजवळच्या एका घरातला गठ्ठा मोडी वाचायला माझ्याकडे आला. जमीन निफाडकडची, थोरला भाऊ इथे, धाकटा दादरला. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळच मालक मानले जाणार होते. त्याआधीच कुळाने मामलतदारासमोर 'राजीखुशीने' जमीन सोडल्याचा कागद झाला. थोरला मात्र भावाला लिहितो, "जुनी बाकी सोडली, मुलीच्या लग्नाला पंच्याहत्तर कबूल केले, तेव्हा अंगठा दिला. पुढे कार्ड नको, पाकीट धाडावे. हे वाचून फाडावे." धाकट्याने फाडले नाही, देव त्याचे भले करो!

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅमेरॉन या मळेवाल्या घराण्याची पत्रे, हिशेब तिथल्या चॅपेल हिलच्या विद्यापीठाने जपले आहेत. १८६० च्या सुमारास त्यांच्याकडे ३० हजार एकर जमीन आणि सुमारे ९०० गुलाम होते. १८४४ मध्ये अलाबामात कापसाचा मळा घेतला, तेव्हा गुलामही घरदार तोडून तिकडे धाडले. आज त्या गुलामांच्या वंशजांना पूर्वजांची नावे शोधायला मालकाचेच कागद चाळावे लागतात. आपली कुळे गुलाम नव्हती, ती बरोबरी मी करत नाही. पण निफाडच्या त्या कुळाच्या लेकीचे लग्न मालकाच्या पत्राखेरीज कुठल्याही कागदावर नाही.

एका गृहस्थांनी तोंडावरच विचारले, "उद्या कुळाच्या नातवाने दावा लावला म्हणजे?" भीती असेल तर अमुक वर्षे कोणी उघडू नये अशी अट घाला, पण रद्दीत घालू नका. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय ('सावाना') १८४० पासूनचे, जुन्या पोथ्या तिथे आहेतच. 'सावाना'ने घरगुती पत्रांसाठीही एक कपाट काढावे. मोडी वाचायला मी येईन. मजुरी नको, चष्म्याला पुरेल असा दिवा तेवढा हवा.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक, पंचवटी, नाशिक