सिस्टर, तुमचे आभार राहिलेच होते

सिस्टर, नमस्कार.

डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही नाईटवर होतात त्यामुळं भेट झाली नाही, आणि नंतर पोरगी घरी आली म्हटल्यावर आमचं जे काय झालं त्यात वेळ कुठं गेला कळलंच नाही. तुम्हाला चेहऱ्यानं मी आठवणार नाही, दाराबाहेर उभे असणारे बाप सगळे सारखेच दिसत असतील. एकतिसाव्या आठवड्यातली, १३४० ग्रॅमची मुलगी, तीन नंबरच्या वॉर्मरवर, म्हणजे त्या ऊब देणाऱ्या खाटेवर. तिचा मी बाप.

हिचं बीपी एकदम वाढलं, पायाला सूज, तोंडाला सूज, डोळ्यापुढं चमकायला लागलं. आधी एका खासगी दवाखान्यात नेलं तिथं काचेच्या पेटीचा दिवसाचा रेट आधी सांगितला आणि बाळ जगेल का ते विचारल्यावर "काही सांगता येत नाही" एवढंच. तिथनं सरकारीत आलो, सिझर झालं, पोरगी डायरेक्ट आत, आजारी बाळांच्या कक्षात, ही वर वॉर्डात आणि मी जिन्यात बसून हिच्या मंगळसूत्राचे किती येतील याचा हिशेब करतोय. तुम्ही बाहेर येऊन विचारलंत, काय झालं, आणि मग सांगितलंत की आजारी नवजात बाळाचा उपचार, औषधं, रक्त, तपासण्या इथं सगळं फुकट असतं, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, कुणी मागितले तर मला सांगा. खरं सांगतो, हे भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलेलं होतं पण त्या वेळी माणसाला बोर्ड दिसत नाही हो.

माझं टायर पंक्चरचं दुकान. नखातलं काळं जन्मात निघत नाही. तुम्ही ब्रश दिलात, कोपरापर्यंत साबण लावायला लावला, अंगठा, बोटांच्या मधली जागा, नखं, सगळं उभं राहून बघितलंत आणि परत एकदा धुवा म्हणालात. राग आला होता तेव्हा. मग आत नेऊन म्हणालात, आता हात लावा तिला, नुसता ठेवा, चोळू नका. माझ्या तळव्याखाली तिची आख्खी पाठ मावली.

मॉनिटरचं पण तुम्हीच समजावलंत. हिरवा आकडा ठोक्यांचा, निळा ऑक्सिजनचा, आणि आवाज झाला की मशीनकडं नाही, आधी पोरीकडं बघायचं. एकदा माझ्यासमोर तिचा श्वास थांबला, मी ओरडलोच, तुम्ही शांतपणे तिच्या तळपायाला दोन टिचक्या मारल्या आणि ती परत सुरू. एवढ्या लवकर आलेल्या बाळाचा मेंदू मधेच श्वास घ्यायचं विसरतो म्हणे, आणि त्यावर जे औषध चालू होतं ते कॅफिन, म्हणजे आपल्या कॉफीत असतं तेच. घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

आमच्या आईचं काय ते तुम्हाला आठवत असेल. आल्या आल्या सगळ्यांसमोर म्हणाली, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. ही रडायला लागली. दुसरं कुणी असतं तर आईला गप्प बसवलं असतं, तुम्ही तिला कामाला लावलंत. जुनं मऊ सुती लुगडं उकळून, उन्हात वाळवून आणा म्हणालात, पोरीला बांधायला लागेल. आणि पुढं दूध द्यायची नळी काढायची वेळ आली तेव्हा विचारलंत, आई, बोंडल्यानं पाजायला येतं ना तुम्हाला? चोखणं, गिळणं, श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमायला पोटातले आठवडे धरून चौतीस तरी भरावे लागतात म्हणून तोवर असं थेंबाथेंबानं पाजायचं. आमच्या म्हातारीला जे येत होतं तेच नेमकं लागणार होतं. त्यानंतर ते आठव्या महिन्याचं तिनं परत कधी काढलं नाही.

हिला दूध येत नव्हतं तेव्हा तुम्ही वर जाऊन बसलात तिच्याजवळ, तुमची ड्युटी संपल्यावर. हातानं कसं काढायचं ते दाखवलंत. चार थेंब चीक आला तर ही म्हणे एवढंसं काय द्यायचं, तुम्ही म्हणालात, हेच पहिलं औषध. मग वाटी वरून खाली पोचवायचं काम माझ्याकडं. कुणी काही काम सांगितलं की माणूस जरा ताळ्यावर राहतो.

आणि कांगारू. हिचा ताप उतरेना म्हणून तुम्ही मला म्हणालात, शर्ट काढा. मी इकडंतिकडं बघतोय, बाहेर सासरे बसलेले. खुर्चीत मागं रेलवून पोरीला टोपी-मोजे घालून उघड्या छातीवर ठेवलीत, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे, वरनं आईचं लुगडं आवळून बांधलंत. मला भीती की माझ्या ठोक्यांनीच ती दचकेल. थोड्या वेळानं तुम्ही ऑक्सिजनचा आकडा दाखवलात, मगाचपेक्षा चांगला होता, आणि पोरगी घोरत होती! नंतर मी मोबाईलवर वाचलं, हे १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालं, पेट्या कमी पडत होत्या म्हणून, आणि २०२२ मध्ये डब्ल्यूएचओनं सांगितलं की दिवसातले आठ ते चोवीस तास, जेवढं जमेल तेवढं ठेवा. बापानं ठेवलं तरी चालतं हे आमच्या गल्लीत अजून कुणाला माहीत नाही, मी सांगत असतो, लोक हसतात.

एक बोलतो, लहान तोंडी मोठा घास. रात्री तुम्ही दोघीच असायचात आणि बाळं किती. तुमच्यासारख्यांना सत्कार करून नारळ देण्यापेक्षा आणखी दोन सिस्टर दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डिस्चार्ज कार्डावर डोळे तपासायची तारीख लाल पेनानं लिहून गोल केलीत ते पण तुम्हीच, नुसतं कार्ड दिलं असतं तर आम्ही गेलोच नसतो, डोळे दिसायला छान होते की. दोन किलोच्या आतल्या किंवा चौतीस आठवड्याआधीच्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या अर्धवट असू शकतात, महिन्याच्या आत तपासलं नाही तर नजर जाऊ शकते, हे तुम्ही हिला आणि मला वेगवेगळं सांगितलंत. तपासणी झाली, पुढच्या पण सगळ्या झाल्या, लेसर लागलं नाही.

आता ती भिंतीला धरून चालते आणि पिठाचा डबा पालथा करते. शेजारचे विचारतात अजून सुटी चालत नाही का, तर ही तुमचंच वाक्य फेकते, वय डिलिव्हरीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचं, दोन वर्षापर्यंत.

बरं, अजून एक. पार्किंगमधे तुमच्या स्कुटीचा मागचा टायर मी तेव्हाच बघितलेला, पार गुळगुळीत झालाय. बदलला नसेल तर पावसाच्या आधी दुकानावर आणा, आणि पैशाचं नाव काढायचं नाही.